खानदेशातील तलावकाठच्या सहली

सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत घरी परतण्याच्या बेताने जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील कुटुंबे, मित्रमंडळे आणि शाळा एखाद्या तलावावर, धरणावर किंवा बागेत ज्या सहली काढतात, त्यांचा काळ पावसावर ठरतो. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ भागात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जात असल्याने श्रावणापासून माघापर्यंतचे महिनेच सहलीचे मानले जातात. केवळ शोभेसाठी बांधलेले तलाव या प्रदेशात फारसे नाहीत. लोक जेथे फिरायला जातात ते पाणी बहुधा शेतीचे, पिण्याचे किंवा देवस्थानाचे असते.

देवस्थानाच्या पाण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे पद्मालय. एरंडोलपासून सुमारे १० किमी अंतरावर, जंगलाने वेढलेल्या टेकडीवर हे गणेशमंदिर असून त्याच्या एकाच गाभाऱ्यात उजव्या सोंडेची आणि डाव्या सोंडेची अशा दोन मूर्ती आहेत. मंदिरासमोरच्या तलावात कमळे फुलतात. कमळ सकाळी उमलते आणि ऊन चढले की मिटू लागते. त्यामुळे आधी जवळचे भीमकुंड पाहून दुपारी तलावाकडे वळणाऱ्यांना पाने आणि मिटलेल्या कळ्याच दिसतात. पहाटे निघून प्रथम तलाव पाहावा, हे उत्तम. संकष्टी व अंगारकीला मात्र येथे मोठी गर्दी असते, तेव्हा निवांतपणा मिळत नाही.

तापीवरील हतनूर धरण भुसावळ तालुक्यात असून त्याचा फुगवटा तापी-पूर्णा संगमावरील चांगदेवपर्यंत पोहोचतो. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ जलाशयात साचत गेल्याने त्याची साठवणक्षमता घटली, ही सिंचनाच्या दृष्टीने गंभीर बाब आहे. परंतु त्याच गाळाने काठालगत उथळ पाणी आणि पाणवनस्पती निर्माण केल्या आणि हिवाळ्यात स्थलांतरित बदकांना चारा मिळू लागला. पक्षी पाहण्यासाठी सूर्योदयाची वेळ साधावी लागते. त्यानंतर चांगदेवचे प्राचीन दगडी मंदिर व संगम पाहिला की दिवस सार्थकी लागतो.

हिवाळ्यातील सहलीचे जेवण म्हणजे भरीत. मोठी, फिकट हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, साल काढून लाकडी भांड्यात ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे व कांद्याची पात घालून फोडणी देतात. काड्यांचा जाळ भडकून लवकर विझत असल्याने वांगी सतत फिरवावी लागतात. त्या धुराचा वास भरतात उतरतो, तो गॅसवर भाजलेल्या वांग्याला येत नाही. सोबत ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या असतात.

जळगाव शहरातच मेहरूण तलाव आहे. पूर्वी या परिसराची ओळख हिवाळ्यात येणाऱ्या गोड बोरांमुळे होती. आता सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्यांची येथे वर्दळ असते. लहान मुले बरोबर असल्यास भाऊंचे उद्यान, आणि इतिहासाची आवड असल्यास २०१२ मध्ये जैन हिल्सवर सुरू झालेले गांधी तीर्थ, अशी जोड दिली जाते. धुळेकर पावसाळ्यानंतर लळिंगचा किल्ला आणि त्याच्या परिसरातील कुरणाकडे वळतात, तर शहराजवळचा नकाणे तलाव संध्याकाळच्या फेरीसाठी सोयीचा आहे. हा तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत असल्याने त्यात उतरणे, भांडी धुणे किंवा काठावर उष्टे टाकणे पूर्णपणे टाळले पाहिजे.

सातपुड्यातील तोरणमाळ हे या सर्वांहून वेगळे. हजार मीटरांहून अधिक उंचीवरील पठारावर यशवंत तलाव पसरलेला असून जवळच कमळ तलाव, खोल दरीची सीताखाई आणि गोरक्षनाथाचे मंदिर आहे, जेथे महाशिवरात्रीला यात्रा भरते. शहाद्याहून वळणावळणाच्या घाटाने येथे पोहोचता येते आणि शहादा-नंदुरबारकरांना एका दिवसात परतणे शक्य असते. जळगावहून येणाऱ्यांचा दिवस मात्र प्रवासातच जातो. पावसाळ्यात घाटात धुके उतरत असल्याने त्यांनी मुक्कामाच्या तयारीनेच यावे.