फ्रेंच शब्द नेमका कुठे तुटतो?

पॅरिसमधला जो प्रसिद्ध रस्ता आपण मराठीत ‘शाँझेलिझे’ असा लिहितो, ते मुळात दोन शब्द आहेत. पहिल्याच्या शेवटी पी आणि एस ही अक्षरं आहेत. तो शब्द एकटा म्हटला तर दोन्ही गप्प, उच्चार नुसता ‘शाँ’. पण पुढचा शब्द स्वराने सुरू होतो म्हणून एस जागा होतो, त्याचा ‘झ’ होतो आणि तो चक्क शेजारच्या शब्दात जाऊन बसतो: शाँ-झे-लि-झे.

फ्रेंच उच्चाराचे तुकडे असे शब्दांची कुंपणं जुमानत नाहीत. तुकडा शक्यतो स्वरावर संपावा, हा या भाषेचा कल. म्हणून दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या तुकड्यात जातं. दोन व्यंजनं असली तर बहुधा मधून फुटतात: मेर्-सी. प, ब, क यांसारख्या व्यंजनामागून र किंवा ल आला तर मात्र जोडी अभंग राहते: ता-ब्लो.

हे नुसतं व्याकरणाचं खूळ नाही, कारण तुकडा कुठे पडला यावर अक्षराचा आवाज ठरतो. ‘हुशार’ आणि ‘निरुपयोगी’ या अर्थांचे दोन फ्रेंच शब्द आय आणि एन याच अक्षरांनी सुरू होतात. पहिल्यात एन-नंतर व्यंजन आहे. एन मागेच राहतो आणि स्वरात विरघळून नाकात जातो: ॲं-ते-लि-झाँ. दुसऱ्यात पुढे स्वर आहे. एन तिकडे सरकतो आणि खणखणीत ‘न’ उरतो: इ-न्यु-तिल.

लिहिताना मोजलेले तुकडे बोलताना कमीही होतात. शनिवारचे कागदावर तीन, तोंडी दोनच: साम्-दी. मधला ई (e हे अक्षर) गळतो. आपण ‘करवत’ लिहून ‘कर्-वत्’ म्हणतो, तसंच. जुन्या छंदोबद्ध फ्रेंच कवितेत मात्र व्यंजनाआधीचा असा ई मोजावाच लागतो, नाहीतर बारा तुकड्यांची ओळ लंगडी पडते.

सगळ्यात खट्याळ अक्षर एच. त्याला स्वतःचा आवाज नाही, तरी काही शब्दांत तो मागच्या शब्दातल्या एसची वाट अडवतो. अनेक नायिका ‘ले-झे-रो-ईन’, पण अनेक नायक ‘ले-ए-रो’. तिथे चुकून ‘झ’ जोडलात, तर नायकांची शून्यं होतात!