समुद्री गोगलगाय: विष एकाचं, नाव दुसऱ्याचं

जळगाव-भुसावळकडे गोगलगाय म्हटली की पहिल्या पावसानंतर रोपांच्या कोवळ्या पानांवर चढणारी आणि तिच्यावर टाकायची मिठाची चिमूट, एवढंच डोळ्यांसमोर येतं. समुद्र गाठायचा तर तापीच्या कडेकडेने सुरतेपलीकडे जावं लागतं. त्यामुळे ‘समुद्री ससा’ची, म्हणजे सशासारख्या दिसणाऱ्या समुद्री गोगलगायीची, जुनी चित्रफीत परत फिरत आली, तेव्हा आमच्या कट्ट्यावर निम्म्यांनी ती एआयची ठरवून टाकली.

जीव खरा आहे. २०१५ मध्ये जपानमधून गाजला तो लहानखुरा भाऊबंद, जोरुना पार्वा. थोरली बहीण जोरुना फ्युनेब्रिस. १८५९ साली श्रीलंकेतल्या एका लष्करी डॉक्टरने तिची नोंद केली. पांढऱ्या अंगावरची काळी वर्तुळं पाहून त्याला सुतकच आठवलं असावं, कारण फ्युनेब्रिस म्हणजे अंत्यविधीची. सशाचे कान म्हणजे वास घेणारी शिंगं, शेपटीचा गोंडा म्हणजे कल्ले, आणि लव म्हणजे पाठीवरचे सूक्ष्म काटेरी उंचवटे. शैवाल खाणारा ‘सी हेअर’ हा तर वेगळाच प्राणी. दोघांना एकच मराठी नाव देऊन आपण घोळ घातला आहे.

खरा वाद मात्र विषाच्या नावाचा. २००० साली फ्युनेब्रिसच्या पाठीच्या आवरणातून आणि चिकट स्रावातून कर्कपेशी मारणारं एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. नाव पडलं जोरुमायसिन, म्हणजे श्रेय गोगलगायीला. पण याच कुळातली रेनिरामायसिनं ही द्रव्यं १९८२ मध्येच मेक्सिकोच्या एका स्पंजात, म्हणजे समुद्रतळाला चिकटून राहणाऱ्या सच्छिद्र प्राण्यात, सापडली होती. पुढे थायलंडच्या समुद्रात एक निळा स्पंज आणि त्यावर चरणारी फ्युनेब्रिस, दोघांतही तीच द्रव्यं मिळाली. २०१९ मध्ये कळलं की दुसऱ्या एका निळ्या स्पंजात रेनिरामायसिन बनवतात ते त्याच्या पेशींत राहणारे जिवाणू. केळी पिकवावी रावेरने आणि पेटीवर नाव दिल्लीच्या व्यापाऱ्याचं, त्यातला प्रकार!

दुसरी बाजूही आहे. जोरुमायसिनची रचना स्पंजातल्या द्रव्यांपेक्षा थोडी निराळी आहे आणि नेमका तो रेणू पहिल्यांदा हाती लागला तो गोगलगायीतच. तेव्हा नाव तिचंच, असं काही रसायनज्ञ म्हणतील. नियमाने ते चुकीचं नाही. तरी नव्या नावामुळे कूळ झाकलं जातं, आणि औषध शोधणारा माणूस स्पंजाऐवजी गोगलगायी गोळा करायला निघतो, हे मला खटकतं. जोरुमायसिनच्या नात्यातलंच ट्रॅबेक्टेडिन हे द्रव्य कॅरिबियन समुद्रातल्या एका कंचुकी, म्हणजे पिशवीसारख्या आवरणात राहणाऱ्या, प्राण्यात सापडलं, २००७ मध्ये युरोपात कर्करोगावर मान्य झालं, आणि तिथेही मूळ कारागीर जिवाणूच निघाला.

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपल्याकडे साळसूद माणसासाठी वापरतात. या प्राण्यांच्या वर्गाला शास्त्रीय मराठीत उदरपादच म्हणतात. फ्युनेब्रिसने शंख केव्हाच टाकून दिला, आणि मासा तोंड लावायला आला तर त्याच्या जिभेला आधी लागतं ते स्पंजाकडून उचललेलं विष.

२०१९ मध्येच जोरुमायसिन प्रयोगशाळेत मोजक्या पायऱ्यांत बनवण्याची वाट निघाली. त्यासाठी गोगलगाय लागत नाही, स्पंजही नाही. बाटलीवरचं नाव मात्र अजून जोरुमायसिनच आहे.