बॅटरी मेली तरी हँडल मारून गाडी चालू होते का?

‘जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या टूलकिटमध्ये हँडल असायचं, म्हणून बॅटरी पार मेली तरी गाडी चालू व्हायची,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं.

१९५५ ते १९६२ दरम्यान बनलेली एमजीए ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या. हँडल फक्त स्टार्टर मोटरचं काम करतं, म्हणजे इंजिन फिरवतं. ठिणगीसाठी इग्निशन कॉइलला करंट लागतो आणि तो सीटमागच्या, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांमधूनच येतो. हाताच्या वेगावर डायनॅमो जवळपास काहीच देत नाही. शिवाय या गाडीचा पेट्रोल पंपही विजेवरचा. समज पसरला तो बहुधा त्याआधीच्या मॅग्नेटोवाल्या गाड्यांमुळे. मॅग्नेटो स्वतःच ठिणगी तयार करतो, त्यांना बॅटरी लागतच नसे.

मात्र बॅटरी नुसती उतरली असेल, स्टार्टर ओढण्याइतका जोर नसेल, तर हँडल खरंच कामाला येतं. तपासणं सोपं आहे: चावी फिरवा. इग्निशनचा लाल दिवा लागला आणि मागून पंपाची टकटक ऐकू आली, तर प्रयत्न करण्यात अर्थ आहे. दोन्ही नसेल तर आधी बॅटरी चार्ज करा.

आणि हँडल मारताना गाडी न्यूट्रलमध्ये हवी, अंगठा बोटांच्याच बाजूला हवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मुठीत अडकलेला अंगठा मोडतो.