नागपुरातील लेदर सीटची निगा

मोटारीच्या चामडी सीटवरून धूळ, घाम, तेलकटपणा व डाग काढणे आणि नंतर तिच्यावर कंडिशनरचा, म्हणजे चामडे मऊ ठेवणाऱ्या द्रव्याचा, पातळ हात फिरवणे, ही दोन कामे या निगेत येतात. चकाकी आणणे हा त्यातला हेतू नव्हे. कारखान्यातून आलेली बहुतेक सीट मंद दिसते. ती चमकू लागली की बहुधा मळलेली असते. डोके टेकते ती जागा आणि ड्रायव्हरच्या मांडीखालचा भाग आधी चमकतो, कारण केसांचे तेल आणि घाम तिथेच मुरतो.

‘लेदर सीट’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक सीट चामड्याची नसते. भारतातल्या बऱ्याच गाड्यांत लेदरेट, म्हणजे कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर दिलेले कृत्रिम चामडे असते. अस्सल चामड्याच्या गाडीतही सीटच्या पाठी आणि बाजू पुष्कळदा कृत्रिमच निघतात. सीटच्या खालची कड उलटून पाहिली तर उलगडा होतो: आत विणलेले कापड दिसले तर लेदरेट, लवदार तंतू दिसले तर चामडे. लेदरेट कंडिशनर पीत नाही. त्याला ओल्या फडक्याने पुसणे पुरते.

खऱ्या चामड्यातही बहुतांश मोटारींत रंग व पॉलियुरेथेनचा लेप दिलेले चामडे वापरतात. हा लेप सहसा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो, आणि हात लागतो तो त्यालाच. पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो वर तसाच राहिला तर चामडे लेपाचे. शोषला जाऊन जागा काळपटली तर ते महागड्या गाड्यांतले, असा लेप नसलेले ॲनिलिन चामडे, ज्याला पाणी आणि कंडिशनर दोन्ही जपून लावावे लागतात.

चामड्याला तेल पाजण्याची आपल्याकडची सवय जुनी आहे आणि तिच्या जागी ती बरोबरही होती. विहिरीवरची मोट, बैलांचे पट्टे, कोल्हापुरी चपला हे सगळे बाभळीची साल, हिरडा, तरवड यांनी कमावलेल्या, लेप नसलेल्या कातड्याचे. वर्ध्याजवळ नालवाडीला गांधीजींच्या काळात आपणहून मेलेल्या जनावरांचे कातडे कमावणारे चर्मालय चालत असे. तिथल्या चपलेला तेल लागायचेच. मोटारीच्या सीटचे कातडे मात्र बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते, त्यात लागणारी स्निग्धता कारखान्यातच भरलेली असते आणि वर लेप बसलेला असतो. खोबरेल किंवा जवसाचे तेल चोळले तर ते फारसे आत जात नाही. वरच राहते, धूळ धरते, काही दिवसांनी खवट वास मारते. लेपाच्या सीटला कंडिशनरपेक्षा स्वच्छता कितीतरी अधिक उपयोगी पडते, आणि बाजारात नेमके उलटे सांगितले जाते.

नागपूरचे हवामान सीटसाठी कठीण आहे. 23 मे 2013 रोजी शहरात 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा 45 च्या आसपास असणे नागपूरकरांना नवे नाही. उन्हात उभ्या बंद गाडीतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे 20 अंशांनी वर जाऊ शकते, आणि थेट ऊन पडलेली सीट त्याहून तापते. चामड्यातला ओलावा उडतो, लेप कडक होतो. पुढची काच बहुतेक अतिनील किरण अडवते, पण बाजूच्या साध्या काचांतून त्यांचा बराच भाग आत येतो. काळी फिल्म लावण्याला सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली मनाई केली. राहिले दोन उपाय: उभ्या गाडीला पडदा किंवा कव्हर, आणि सावली. कडुनिंबाखालची जागा मिळाली तर कोणतीही बाटली तिची बरोबरी करणार नाही.

सफाई गाडी थंड असताना करावी. उन्हाळ्यात म्हणजे सकाळी आठच्या आत. आधी व्हॅक्यूमने शिवणी आणि फटींतली धूळ काढावी. ती राहिली तर पुसताना पॉलिश पेपरचे काम करते. मग सौम्य लेदर क्लीनरचा फेस मऊ ब्रशवर घ्यावा, सीटवर ओतू नये. एकेक भाग हलक्या हाताने घासून ओल्या मायक्रोफायबर फडक्याने लगेच टिपावा. काळे झालेले फडके पालटत राहावे. कोणतेही द्रव्य आधी सीटच्या मागे, न दिसणाऱ्या जागी लावून बघावे. पूर्ण वाळल्यावर कंडिशनर फडक्यावर अगदी थोडे घेऊन पसरावे, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. हात चिकट लागला तर जास्त झाले. रोज फिरणाऱ्या गाडीला सफाई महिन्याला आणि कंडिशनर वर्षातून तीन-चारदा पुरे. त्यातला एक हात उन्हाळ्याच्या तोंडाशी द्यावा.

डागांमध्ये नागपूरचा खास पाहुणा म्हणजे तर्री-पोह्यांची तर्री. हळद आणि लाल तेल एकत्र सांडते, आणि बेज रंगाच्या सीटवर ते लपत नाही. पहिल्या घाईत लोक कपड्यांच्या पावडरीचे पाणी लावतात आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू होते, तीच ही क्रिया: हळदीचा रंग अल्कलीत लाल पडतो. चामडे स्वतः किंचित आम्लधर्मी, त्याचा सामू (pH) साधारण 4 ते 5. धुण्याची पावडर, खाण्याचा सोडा ही सगळी उलट्या बाजूची. तर्री कागदाने टिपावी, घासू नये. मग क्लीनरचा फेस दोन-तीनदा द्यावा. पिवळी झाक उरली तर सोडून द्यावी. हळदीचा रंग उजेडात आपोआप फिका पडतो. खर्ऱ्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणाचा, डाग अधिक वाईट, कारण त्यात सुपारीचा रंग आणि चुना दोन्ही असतात. तो वाळण्याआधीच पुसायला हवा. नव्या जीन्सचा निळा रंग फिकट सीटवर उतरतो, तोही लवकर काढला तरच निघतो.

पावसाळ्यात चिंता उलटी. आठवडाभर बंद राहिलेल्या गाडीत सीटवर पांढुरकी बुरशी धरते. दारे उघडून, बाहेरच्या बाहेर कोरड्या ब्रशने ती झाडावी, मग पुसून एसी चालवून आतली दमट हवा काढावी. जुलै-ऑगस्टमध्ये जास्त कंडिशनर लावण्यात अर्थ नाही.

बारीक भोके असलेल्या, आतून हवा देणाऱ्या सीटवर फवारा कधीच मारू नये. भोकांत साचलेला कंडिशनर वाळून पांढरे ठिपके पडतात आणि पाणी खालच्या पंख्यापर्यंत पोचते. उतरताना-चढताना घासली जाणारी ड्रायव्हरची बाहेरची कड सगळ्यांत आधी तडकते. एकदा लेप तडकला की कंडिशनरने तो सांधत नाही. फिलर भरून पुन्हा रंग द्यावा लागतो, किंवा तेवढा तुकडा उसवून नवा शिवतात. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर मात्र त्या बाजूची शिवण गादीवाल्याकडून उसवून घेऊ नये: एअरबॅग बाहेर पडताना तीच शिवण ठरल्या जागी फाटेल अशा बेताने घातलेली असते.