गोदामाचा कोबा कोपऱ्यातच का फुटतो?

भिवंडीत किंवा चाकणला पाच-सात वर्षं वापरात असलेल्या एखाद्या गोदामात गेलात तर रॅककडे न बघता खाली बघा. कोब्यात सांधे कापून चौकोन पाडलेले असतात. त्या चौकोनांच्या मधोमध जमीन ठणठणीत असते. फुटलेली असते ती सांध्यांवर, त्यातही चार चौकोनांचे कोपरे जिथे भेटतात तिथे. त्रिकोणी तुकडा मोडलेला, कडा खाल्लेल्या, वरून फोर्कलिफ्ट गेली की ‘ठक’ असा आवाज. मालकाचं निदान ठरलेलं असतं: ठेकेदाराने सिमेंट खाल्लं. मग पुढच्या कामात तो घनमीटरमागे 50 किलो सिमेंट जास्त घालायला लावतो, आणि नवा कोबा आधीच्यापेक्षा लवकर फुटतो.

असं होतं, कारण हा कोबा अशक्त नसतो, तो वाकलेला असतो. कोपऱ्याखाली जमीनच नसते.

उन्हात घातलेला पापड आठवा. वरची बाजू आधी वाळते, आखडते, आणि कडा वर उचलल्या जातात. म्हणून अर्धवट वाळला की पापड उलटतात, दोन्ही बाजू सारख्या वाळल्या की तो सपाट राहतो. आटलेल्या तळ्यातल्या गाळाच्या खपल्याही अशाच वाटीसारख्या होतात. काँक्रीटचा चौकोन हा 200 मिलिमीटर जाडीचा पापडच आहे, फक्त तो उलटता येत नाही. वरून पाणी उडत राहतं. खाली मुरूम आणि प्लॅस्टिकचा कागद असल्याने तळ महिनोन् महिने ओला राहतो.

आता थोडं गणित. काँक्रीट वाळताना साधारण मीटरला अर्धा मिलिमीटर आखडतं, म्हणजे दशलक्ष भागांत 500 भाग. वरचा थर तळापेक्षा 200 भाग जास्त आखडला असं धरू. हा फरक जाडीने भागला की वक्रता मिळते: 0.0002 भागिले 0.2 मीटर, म्हणजे मीटरला 0.001. कड किती उचलेल हे काढायला वक्रतेला लांबीच्या वर्गाने गुणायचं आणि आठाने भागायचं. चौकोन 4.5 मीटरचा असेल तर बाजूचा मध्य अडीच मिलिमीटर उचलतो, आणि कर्ण लांब असल्यामुळे कोपरा पाच. तोच चौकोन सहा मीटरचा केला तर कोपरा नऊ मिलिमीटरवर जातो. लांबीचा वर्ग होतो, सगळी मेख तिथे आहे. सांधे कमी पडावेत, कटिंगचा खर्च वाचावा म्हणून चौकोन दीड मीटरने वाढवला, आणि उचल जवळपास दुप्पट झाली.

हे आकडे वजन न धरता काढलेले आहेत. प्रत्यक्षात काँक्रीटचं स्वतःचं वजन कोपऱ्याला पुष्कळसं खाली ओढतं. पण हे ओढणं फुकट होत नाही, त्याने वरच्या थरात ताण साठतो. एम-40 काँक्रीट दाबाला प्रति चौरस मिलिमीटर 40 न्यूटन सोसतं, वाकवून मोडताना मात्र जेमतेम साडेचार. त्यातला काही भाग पहिलं चाक येण्याआधीच खर्च झालेला असतो. मग तीन टनी फोर्कलिफ्ट भरलेल्या मालासह येते. तिच्या पुढच्या आसावर सहा टनांच्या वर भार असतो आणि चाकं भरीव रबराची, म्हणजे टेकणारा भाग लहान. अधांतरी कोपरा गॅलरीसारखा वाकतो आणि वरून तिरका मोडतो. सिमेंट वाढवलं की आखडणारा लगदा वाढतो, पापड जास्त वाकतो.

हॅरल्ड वेस्टरगार्ड यांनी 1926 साली काँक्रीटच्या रस्त्यावर चाक मध्यभागी, कडेला आणि कोपऱ्यात असताना किती ताण येतो याची सूत्रं मांडली. त्यांनी काँक्रीट पूर्णपणे जमिनीला टेकलेलं धरलं होतं. तरीही कड आणि कोपरा या नाजूक जागा ठरल्या. कोपरा उचलला की परिस्थिती त्याहून वाईट.

ट्रक उभे करायच्या उघड्या यार्डात वाळण्याच्या जोडीला ऊन येतं. महाराष्ट्रात भर दुपारी अशा स्लॅबच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागात सुमारे 20 अंशांचा फरक पडतो. काँक्रीट अंशागणिक दशलक्षात 10 भाग फुगतं, म्हणजे पुन्हा तेच 200 भाग, फक्त उलट्या दिशेने. दुपारी मध्य वर येतो, पहाटे कोपरे. हा झोका रोज चालतो, आणि त्यावर ट्रकचा भार. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा इथे 1958 ते 1960 या काळात झालेल्या चाचण्यांतून असं दिसलं की रस्त्याचं नुकसान आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. आपल्याकडे 2018 मध्ये चार चाकांच्या एकेरी आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली. भार 13 टक्क्यांनी वाढला, नुकसान सुमारे 60 टक्क्यांनी. जुनी यार्डं या भारासाठी आखलेली नाहीत.

मग करायचं काय? चौकोन शक्य तितका चौरस ठेवा, बाजू जाडीच्या 24 पटींच्या आसपास. सांध्याचा काप जाडीच्या एक तृतीयांश खोल घ्या. ग्रूव्ह कटिंगची, म्हणजे हा काप घेण्याची, वेळ सर्वांत महत्त्वाची. काँक्रीट ओतल्यापासून उन्हाळ्यात सहा ते आठ तासांत, थंडीत बारा तासांच्या पुढे. पाते फिरताना खडी उपटून येत असेल तर घाई झाली, थांबा. कटिंगवाला सकाळी येतो म्हणून रात्रभर थांबलात तर भेग स्वतःची वाट आधीच निवडते आणि काप शेजारी नुसता शोभेला राहतो. खांबाभोवती पंचेचाळीस अंशांत वळवलेला चौकोनी साचा सोडा, त्याची टोकं सांध्यांवर येऊ द्या.

यार्डात 250 मिलिमीटर जाडीला 32 मिलिमीटरच्या, 450 मिलिमीटर लांबीच्या डोवेल सळ्या, म्हणजे सांध्यातून आरपार जाऊन एका चौकोनाचा भार शेजारच्याला देणाऱ्या सळ्या, 300 मिलिमीटरवर, बरोबर मध्यजाडीत. सळी गुळगुळीतच हवी, अर्ध्या भागावर प्लॅस्टिकची नळी आणि सगळ्या सळ्या एकमेकींना समांतर. एखादी तिरकी बसली तर सांधा उघडत नाही, तो कुलूपबंद होतो आणि भेग बाजूला पडते. काँक्रीटमधल्या लोखंडी जाळीबद्दलही गैरसमज आहे. जाळी भेग थांबवत नाही, पडलेली भेग मिटून धरते, आणि तेही ती वरच्या तिसऱ्या भागात असेल तरच. पायाखाली दबून तळाशी गेलेल्या जाळीचा उपयोग नाही.

मिक्सर गाडीत पाणी मारणं हा खरा रोग. घनमीटरला 380 किलो सिमेंट आणि 152 लिटर पाण्याच्या मिश्रणात सहा घनमीटरच्या गाडीत 60 लिटर पाणी सोडलं, की पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.40 वरून 0.43 वर जातं. ताकद घटते, आखडणं वाढतं. वर आलेलं पाणी सुकावं म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरवून पॉवर ट्रॉवेल (पृष्ठभाग घोटायचं यंत्र) फिरवला, तर वरचा थर भुकटी होऊन उडतो. ट्रिमिक्स पद्धतीत ओतलेल्या काँक्रीटमधलं जादा पाणी पंपाने ओढून घेतात ते यासाठीच.

मुहूर्त बघून काँक्रीट ओतणारे आजही आहेत. काँक्रीटला तिथी कळत नाही, त्याला वारा, ऊन आणि हवेतला ओलावा कळतो. मे महिन्यातल्या दुपारचा मुहूर्त निघाला तर तो टाळून संध्याकाळी ओता. तसंच ‘फायबर घातलं की भेग येणारच नाही’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून ते लेखी मागा. बारीक प्लॅस्टिक फायबर पहिल्या काही तासांतल्या केसभर भेगांना आवरतं, वाकण्याला नाही. चौदा दिवस गोणपाट ओलं ठेवणं आवश्यकच आहे. त्याने ताकद येते आणि वाकणं लांबतं, मात्र टळत नाही.

आधीच फुटत असलेल्या जमिनीचं काय? छोटी हातोडी घेऊन सांध्यालगत ठोकत जा. मध्यावर भरीव आवाज येतो, उचललेल्या कोपऱ्यावर पोकळ. पावसाळ्यात यार्डात ट्रक गेल्यावर सांध्यातून गढूळ पाणी उसळत असेल तर खालचा मुरूम वाहून चाललाय, तिथे घाई करा. पोकळ भागात 20 मिलिमीटरची भोकं पाडून पातळ सिमेंटची खीर कमी दाबाने सोडा. जास्त दाब दिलात तर स्लॅबच वर उचलला जाईल. खीर घट्ट झाली की उंचवटा घासून घ्या. गोदामातला सांधा कडक इपॉक्सीने कापाच्या तळापर्यंत भरा, म्हणजे चाक कडेवर आदळणार नाही. यार्डात मऊ सीलंट लागतं, कारण तिथला सांधा रोज उघडझाप करतो. गोदामात ही भरणी जितकी उशिरा कराल तितकी चांगली, कारण सांधा वर्षभर तरी रुंदावत असतो.