विद्यार्थ्यांच्या शरीरमापानुसार अभ्यासाचे फर्निचर

विद्यार्थ्यांच्या शरीराची मापे घेऊन त्यांवरून खुर्ची, बाक व टेबल यांची उंची, खोली आणि रुंदी ठरवण्याची पद्धत. मानवमिती (शरीराच्या मापांचे शास्त्र) आणि एर्गोनॉमिक्स (वस्तू व काम माणसाच्या शरीराला सोयीचे करण्याचे शास्त्र) यांचा तिला आधार आहे.

सातारा-सांगली भागात तिची निकड पाचवीच्या वर्गात दिसते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत बस्करावर मांडी घालून बसलेले मूल हायस्कुलात येते, तेव्हा बऱ्याचदा दहावीच्या मुलांच्याच मापाचा बाक त्याच्या वाट्याला येतो. १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांमुळे इथे गावोगाव हायस्कुले झाली. पाचवी ते दहावी एकाच इमारतीत, म्हणून बाकही सहसा एकाच मापाचे. पाय अधांतरी राहिले की मूल कडेवर सरकते, पाठ टेकत नाही, लिहिताना खांदा वर उचलला जातो. मांडीखाली फळीची कड रुतून पायांना मुंग्या येतात. वर्गात याला चुळबुळ म्हणून ओरडा बसतो. दोष अनेकदा बाकाचा असतो.

सर्वांत महत्त्वाचे माप गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचे. मुलाला सपाट स्टुलावर गुडघा काटकोनात ठेवून बसवावे आणि शिवणाच्या मऊ टेपऐवजी पोलादी टेप व गुण्या वापरावा. हे माप साधारण एकूण उंचीच्या पाव हिश्शाएवढे भरते: १३२ सेंमीच्या मुलाचे ३३, १६० सेंमीच्या मुलाचे ४०. त्यात चपलेबुटाचे दोनेक सेंमी धरावेत. बसायची फळी याहून उंच नको. टेबल बसलेल्या मुलाच्या कोपरापेक्षा ३ ते ५ सेंमी वर असावे.

वर्गाची सरासरी काढून बाक करू नये. सरासरीवर बेतलेली फळी जवळजवळ निम्म्या वर्गाला उंच पडते. म्हणून फळीची उंची व खोली ५ व्या शततमकावरून (शंभरातल्या साधारण पाच मुलांचे माप ज्याहून कमी असते ते), म्हणजे लहान चणीच्या मुलांवरून, तर रुंदी आणि टेबलाखालची मांड्यांची जागा ९५ व्या शततमकावरून, म्हणजे मोठ्या चणीच्या मुलांवरून, ठरवतात. युरोपीय मानक ईएन १७२९ मध्ये तर उंचीनुसार वेगवेगळे साइज आहेत: ११९ ते १४२ सेंमीच्या मुलांना खुर्ची ३५ व टेबल ५९ सेंमी, त्याहून दोन साइज मोठ्याला ४३ व ७१. आकडे तसेच उचलण्यापेक्षा ही विभागणी घ्यावी आणि मापे इथल्या मुलांची घ्यावीत.

कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतील फॅब्रिकेशनवाल्याला चौकोनी पाइप व प्लायमध्ये दोन-तीन मापांचे बाक करणे अवघड नाही. मुख्यतः पाइप कापायची लांबी बदलते. फळी व डेस्क एकाच सांगाड्यात असतील तर दोन्हींमधले आडवे अंतरही कमी करावे लागते. जुन्या बाकाला पाय टेकायला आडवी पट्टी जोडतात. त्याने पाय टेकतात, पण डेस्क उंचच राहते. सहावी-सातवीत उंचीचा फरक झपाट्याने वाढतो, म्हणून तिथे दोन मापांचे बाक ठेवून दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांच्या जागा पुन्हा लावाव्यात.