डब्यावरचा लाल रंग आणि रेचल कार्सन

माझे मोठे काका हिंगणघाटकडे कपाशी करतात. गेल्या पोळ्याला नागपूरहून गेलो, तेव्हा गोठ्याच्या फळीवर फवारणीच्या औषधाचा डबा दिसला. लेबलवर तिरपा चौकोन, त्याचा खालचा अर्धा भाग लालभडक. "हा लाल कशाचा?" मी विचारलं. "कंपनीचा असंल," काका म्हणाले. चाळीस वर्षं पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करणाऱ्या माणसाला त्या रंगाचा अर्थ कोणी सांगितलेलाच नव्हता. कीटकनाशकांचे धोके लोकांपुढे मांडणाऱ्या अमेरिकन लेखिका रेचल कार्सन यांच्याबद्दल लिहायचं ते या डब्यामुळे.

कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल गावी झाला. १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्या प्राणिशास्त्रात एम. ए. झाल्या आणि पुढे सरकारच्या मत्स्य विभागात नोकरीला लागल्या. समुद्रावरचं त्यांचं १९५१ सालचं पुस्तक इतकं खपलं की पुढच्याच वर्षी नोकरी सोडून त्यांनी पूर्ण वेळ लेखन धरलं. समुद्र हाच त्यांचा जीव. विषांवर लिहायला त्या आपणहून गेल्या नव्हत्या. १९५८ च्या जानेवारीत ओळखीच्या एका बाईंचं पत्र आलं: डासांसाठी विमानातून डीडीटी हे कीटकनाशक फवारलं आणि आमच्या आवारातली पाखरं मेली.

डीडीटीचा त्या काळी केवढा मान होता! त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ चं नोबेल मिळालं होतं. आपल्याकडेही १९५३ पासून मलेरियाविरोधी मोहिमेत घरोघरच्या भिंतींवर तेच मारलं जात होतं, आणि त्याने माणसं वाचली हे खरंच आहे. कार्सन यांनीही सगळी रसायनं बंद करा असं कधी म्हटलं नाही. विचार न करता, कोणाला न सांगता सगळीकडे विष ओतण्याला त्यांचा विरोध होता.

'सायलेंट स्प्रिंग' हे त्यांचं पुस्तक सप्टेंबर १९६२ मध्ये आलं. त्यातलं रॉबिन पक्ष्यांचं प्रकरण मला सगळ्यात भिडतं. एल्म झाडांवर रोग पसरवणारे भुंगेरे मारायला झाडांवर डीडीटी मारलं. पानं गळाली, ती गांडुळांनी खाल्ली. विष गांडुळांच्या अंगात साठत गेलं. पुढच्या वसंतात रॉबिन आले, गांडुळं खाऊन तडफडून मेले. पाखरांवर कोणी फवारलंच नव्हतं. डीडीटी लवकर विरत नाही, चरबीत साठतं आणि एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जाताना वाढत जातं. हे इतक्या सोप्या भाषेत सांगितल्यामुळेच ते घराघरांत पोचलं.

रसायन कंपन्या तुटून पडल्या. बाई भावनेच्या भरात लिहिते, असं म्हणून झालं. त्या वेळी कार्सन स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत होत्या आणि विरोधकांच्या हाती कोलीत नको म्हणून आजार लपवत होत्या. मे १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने त्यांच्या म्हणण्याला मोठं बळ दिलं. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ ला, ५६ व्या वर्षी त्या गेल्या. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली ती १९७२ मध्ये. भारतात शेतीसाठी त्याचा वापर थांबला १९८९ मध्ये. डासांसाठी तो पुढेही चालूच राहिला.

आपल्या नागपुरात १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था निघाली. १९७४ मध्ये तिच्या नावात 'पर्यावरण' आलं, तीच आपली नीरी. १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही इथेच आहे. आणि तरीही २०१७ मध्ये, इथून दीडशे किलोमीटरवरच्या यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याच्या वर गेलेली पराटी, दमट हवा, तोंडाला फार तर एक दुपट्टा.

जे सोसायचं आहे ते जाणून घ्यायचा हक्कही माणसाला हवा, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यां रोस्तां यांचं म्हणणं कार्सन यांनी पुस्तकात आवर्जून घेतलं होतं. आपल्याकडे १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, त्याखालचे १९७१ चे नियम आहेत. डब्यावरचा रंग त्यातूनच आला: लाल अतिविषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, शेवटी हिरवा.

काकांना मी चारही रंग सांगितले. ते काही बोलले नाहीत. फळीवरचे बाकीचे डबे त्यांनी खाली उतरवले आणि दारात नेऊन एकेक उजेडात धरून बघितला.